पाणी मराठीतच राहू द्या

माझ्या वर्गात शिरताना चपलांबरोबर मराठीही बाहेर काढून ठेवावी लागे. चपला फार थोड्या मुलांच्या पायांत असत, मराठी मात्र सगळ्यांच्याच तोंडात होती. त्यामुळे पहिले काही आठवडे दारापाशी गर्दी व्हायची. एखादं पोरगं उंबऱ्यावर उभं राहून शेवटचं काय ते भडाभडा बोलून घ्यायचं आणि विहिरीत उडी मारावी तसं आत यायचं. आत आल्यावर पाऊण तास इंग्रजी, नाहीतर मुकाट्यानं बसणं. मुकाट्यानं बसायला मात्र मी देत नसे.

गाव वाशिमहून अनसिंगला जाणाऱ्या रस्त्याच्या आत होतं. नाव सांगत नाही, कारण त्या माणसांची नातवंडं आता वाचतात. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. आमचा जिल्हा तेव्हा अकोला, आणि सोयाबीन कुणाला ठाऊकही नव्हतं. कापूस, ज्वारी आणि तूर, एवढ्यावर गाव चालायचं. हायस्कूल नवीन होतं, वर्गांवर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, होते आणि इंग्रजीला मी. आमचं घर अकोल्याचं, छप्पन्न साली बौद्ध झालेलं. गावात मी बौद्ध वस्तीतच खोली घेतली होती. दुसरीकडे मिळाली नसती, आणि मी विचारायलाही गेले नव्हते.

इंग्रजी शिकवण्याची जी रीत तेव्हा सर्वत्र होती, ती मी स्वतः भोगली होती. मास्तर एक ओळ वाचत, तिचा मराठी अर्थ सांगत, आम्ही तो उतरवून घेत असू. मॅट्रिकला मला हत्तीपासून हिमालयापर्यंत सगळ्यांची स्पेलिंगं येत होती, पण तहान लागली हे इंग्रजीत सांगता येत नव्हतं. पुढे नोकरी लागल्यावर अमरावतीला महिनाभराच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथले प्रशिक्षक मदुराईकडचे, अंगानं बारीक, पांढरंशुभ्र धोतर नेसणारे गृहस्थ. पहिल्या दिवशी वर्गात आले ते नमस्कार नाही, ओळख नाही, सरळ तमिळमध्येच बोलायला लागले. ‘उट्कार’ म्हणाले आणि खुर्चीवर बसले. उठले, पुन्हा ‘उट्कार’ म्हणाले आणि बसले. मग आमच्याकडे बोट केलं. तासाभरात आम्ही तीसेक पोक्त शिक्षक तमिळमध्ये ऊठबस करत होतो, दार उघडत होतो, एकमेकांना खडू देत होतो. मधे मराठीचा किंवा इंग्रजीचा एक शब्द आला नव्हता. तास संपल्यावर ते इंग्रजीत म्हणाले, “आता तुमच्या पोरांना काय वाटतं ते तुम्हाला कळलं. आणि पोरं शिकू कशी शकतात, तेही कळलं.”

सगळी विद्या एवढीच. अर्थ सांगायचा नाही, दाखवायचा. ‘ग्वावा म्हणजे पेरू’ असं सांगायचं नाही, पेरू दाखवायचा आणि ‘ग्वावा’ म्हणायचं. वाक्य बोललं की त्याबरोबर ती कृती झालीच पाहिजे. मास्तर बोलेल, मग सगळा वर्ग एका सुरात बोलेल, मग एकेक मूल शेजारच्याला विचारत जाईल, साखळीसारखं. चुकलं तर रागवायचं नाही, बरोबर वाक्य आपण म्हणायचं आणि वर्गाकडून वदवून घ्यायचं. आणि सगळ्यांत आधी गरजेचं वाक्य. माझं पहिलं वाक्य ‘मे आय गो आऊट’ होतं. ते ज्यांना दोन दिवस आलं नाही, त्यांना तिसऱ्या दिवशी आपोआप आलं.

गावाला हे प्रकरण समजायला वेळ लागला. ‘बाई पोराइले कोंबडी दाखोते अन् पगार घेते,’ असं पारावर बोललं जायचं. कोंबडी मी खरंच दाखवली होती. एकदा एक माणूस हरवलेली शेळी शोधत माझ्या वर्गाच्या दारात आला. मी म्हटलं, ‘कम इन.’ तो आत आला. ‘सिट डाऊन.’ तो बसला. ‘व्हॉट डू यू वाँट?’ तो घाबरून उठला आणि शेळीचा नाद सोडून निघून गेला. मुलांना मात्र त्या दिवशी कळलं की बाहेरच्या माणसालाही हे समजतं. त्या गोष्टीचा पुढे काय उपयोग होईल हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

नियम माझ्याकडून एकदाच मोडला. कवेलूतून धामण खाली पडली. पोरं ‘साप साप’ करत बाकांवर चढली, मीही ‘साप’च म्हणाले आणि खुर्चीवर चढले. सगळ्या कालव्यात एकच आवाज वेगळा होता. “स्नेक! बाई, स्नेक!” ती वेणू. नववीतली, किरकोळ अंगाची, दोन वेण्या लाल रिबिनीनं वर बांधलेली. घाबरल्यावर माणूस आपल्या आतल्या भाषेत ओरडतो. वेणूच्या आत इंग्रजी गेली होती. शिक्षकाच्या नोकरीत असं फार क्वचित दिसतं, आणि मला ते दिसलं याचा आनंद मला आजही होतो. ही हकिकत वेणूची आहे. ती मॅट्रिकपर्यंत शिकेल की पंधराव्या वर्षी रिसोडच्या एका घरात भाकरी थापायला जाईल, एवढाच या हकिकतीतला प्रश्न.

पण आधी पाण्याचं सांगते, कारण सुरुवात तिथून झाली.

शाळेच्या व्हरांड्यात माठ होता. गावातल्या मुख्य आळीतली मुलं पेल्यानं पाणी घेत. बौद्ध वस्तीतली मुलं खाली ओंजळ धरत आणि एखादा मॉनिटर वरून ओगराळ्यानं पाणी ओतत असे. असं करा असं कुणी सांगितलं नव्हतं. नियम कुणी केलेला नव्हता, म्हणून तो मोडायचा कसा हेही कुणाला सुचत नव्हतं. शाळा सरकारमान्य होती आणि भिंतीवर समतेची सुभाषितं होती.

त्या दिवशी पाठ मागण्या-देण्याचा होता. ‘गिव्ह मी सम वॉटर, प्लीज.’ ‘हिअर यू आर.’ ‘थँक यू.’ पाणी मागायला पाणी हवं. मी माठ वर्गात आणवला, टेबलावर एक स्टीलचा पेला ठेवला आणि साखळी सुरू केली. मुलं माझ्या वर्गात हजेरीच्या क्रमानं बसत. त्या क्रमात वेणूच्या शेजारी सुलोचना येई. सुलोचना आमच्या वस्तीतली, माझ्या खोलीपासून तिसऱ्या घरातली. वेणूनं तिच्याकडे पाणी मागितलं. सुलोचनानं माठातून पेला भरला आणि दिला. “हिअर यू आर.” वेणू तोंड लावून प्याली, “थँक यू” म्हणाली आणि पेला पुढे गेला. जो ‘प्लीज’ विसरेल त्याला मी पुन्हा मागायला लावत होते, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष ‘प्लीज’ राहू नये याकडे. तास संपला तेव्हा माठ रिकामा झाला होता आणि सगळा वर्ग एका पेल्यानं प्यालेला होता.

लोक विचारतात, बाई, हे तुम्ही मुद्दाम केलं का. पुस्तकात नवव्या पाठानंतर दहावा येतो, एवढंच मी सांगते.

संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली. हेडमास्तर माझ्या खोलीवर येण्याऐवजी मला शाळेत थांबवून बोलले, कारण वस्तीत येणं त्यांनाही अवघड होतं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. चष्मा पुसत ते म्हणाले, “बाई, इंग्रजी तुम्ही उत्तम शिकवता. चमचा इंग्रजीत शिकवा, खुर्ची इंग्रजीत शिकवा. पण पाणी मराठीतच राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी गावातली पाच-सहा मंडळी शाळेत आली. सगळ्यांत पुढे उत्तमराव, शाळा कमिटीचे सभासद आणि वेणूचे वडील. उंच, पांढरा सदरा, कपाळावर आठी कायमची कोरलेली. घरी दोन सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले गडी, त्यामुळे दुपारचा वेळ त्यांच्याजवळ होता.

“बाई, तुमी वर्गात काय करून राह्यल्या थे आमाले समजत नाई,” ते म्हणाले. “मराठीत असतं त भाईरून आयकू आलं असतं. आता कोनीतरी आत बसून पाहाले पायजे.”

हेडमास्तर घाईघाईनं म्हणाले, “अवश्य. जबाबदार माणसानं यावं. बाईंची हरकत नाही.”

“माझी हरकत नाही,” मी म्हणाले. “फक्त आत आलं की मराठी बोलायची नाही. हा नियम मलाही आहे.”

“मंग मी बोलूच नाई का?”

“इंग्रजीत बोला.”

मागचे दोघं हसले. उत्तमरावांनी हसणाऱ्यांकडे पाहिलं, ते गप्प झाले. “बसतो,” ते म्हणाले. “पाह्यतोच.”

इथे गावाची मोठी चूक झाली असं मला वाटतं. आपल्यातला सगळ्यांत वजनदार माणूस त्यांनी जिथे बोलता येत नाही अशा जागी नेऊन बसवला.

उत्तमराव दाराजवळ गोणपाटावर बसत. येताना फिरकीचा तांब्या आणत, ज्याचं झाकण म्हणजेच पेला असतो तसला, पितळी, चिंचेनं लखलखीत घासलेला. शाळेच्या माठाचं पाणी ते आता पिणार नव्हते आणि हे वर्गाला दिसावं म्हणून तांब्या स्वतःच्या समोर मधोमध ठेवत. मला त्या तांब्याचा फार उपयोग झाला. जवळच्या वस्तूला ‘धिस’ आणि लांबच्या वस्तूला ‘दॅट’ हे शिकवताना लांबची वस्तू खरोखर लांब राहायला हवी. पोरं सवयीनं जाऊन हात लावतात. या तांब्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती, माझीही नव्हती. ‘दॅट इज हिज पॉट.’ सगळा वर्ग एका सुरात त्यांच्या तांब्याकडे बोट दाखवी आणि ते तो आणखी थोडा जवळ ओढून घेत.

पहिले काही दिवस ते भिंतीकडे पाहत. मग पोरांकडे पाहू लागले. हळूहळू माझ्याकडे. बोलायचं नसलं तरी ऐकू तर येतंच, आणि दाखवलेलं दिसतंच. मी ‘स्टँड अप’ म्हटलं की त्यांचा एक गुडघा हलायचा. एके दिवशी ‘चहा की पाणी’ विचारण्याची साखळी चालली होती. चहा शेजारच्या हॉटेलातून अर्धी किटली मागवला होता. साखळी दारापर्यंत आली. मी मागे फिरायच्या ऐवजी, काय मनात आलं कोण जाणे, त्यांनाही विचारलं, “टी ऑर वॉटर, उत्तमराव?”

ते तांब्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “टी.”

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर डोकावून गेले. उत्तमराव हसले नाहीत. पण चहा प्याले. त्या दिवसापासून प्रत्येक साखळीचं शेवटचं टोक ते झाले.

त्याच सुमारास वेणू एकदा तास संपल्यावर मागे रेंगाळली. वडील पुढे निघून गेले होते. व्हरांड्यात, म्हणजे मराठीच्या हद्दीत आल्यावर ती म्हणाली, “बाई, माही सुपारी फुटली.”

सुपारी फुटली म्हणजे पाच माणसांसमोर सोयरीक पक्की झाली. घर रिसोडचं, धान्याची अडत असलेलं. लग्न अक्षय तृतीयेनंतर.

“तू काय म्हणालीस?”

“मी काय म्हनू? मायले सांगतलं त थे म्हन्ते, तुह्या बापानं शब्द देल्ला. बाबाले त मी काईच म्हनू शकत नाई. बाबासमोर आमच्या घरात मायबी बोलत नाई.” मग थोडं थांबून म्हणाली, “मले मॅट्रिक होऊन नर्स व्हाचं हाय, बाई.”

मी वडिलांशी बोलावं असं तिनं सुचवलं नाही. ती हुशार होती. वस्तीत राहणाऱ्या मास्तरणीनं मधे तोंड घातलं असतं तर लग्नाची तारीख आणखी अलीकडे आली असती. मी तिला धीर दिला नाही, कारण देण्यासारखा माझ्याजवळ नव्हता. मला वाईट वाटलं. रात्री स्वयंपाक करताना दोनदा मीठ घातलं, आणि सकाळी उठून नेहमीसारखी शाळेत गेले.

पुढचा पाठ हवं-नकोचा होता. ‘आय वाँट’, ‘आय डोन्ट वाँट’. मी टोपलीत पेरू आणि कारली आणली होती. पेरू धरून ‘आय वाँट’, कारलं धरून तोंड वाकडं करून ‘आय डोन्ट वाँट’. दोन दिवस हे पेरू-कारलं चाललं. तिसऱ्या दिवशी पद्धतीप्रमाणे वस्तू बाजूला ठेवायच्या आणि मुलांनी आपल्या मनातली वाक्यं बनवायची, कृतीसकट. एकाला सायकल हवी होती, त्यानं पॅडल मारून दाखवलं. एकीला बहिणीचा मार नको होता. सुलोचनाला ‘न्यू रूफ’ हवं होतं, तिनं हात वर करून गळकं छप्पर दाखवलं. मग वेणू उठली.

तिनं दोन्ही हात कपाळाशी नेले आणि मुंडावळ्या बांधल्या. नसलेल्या मुंडावळ्या, पण गाठ मारलेलीसुद्धा दिसली. मग मान हलवली.

“आय डोन्ट वाँट मॅरेज.” हात छातीशी घेऊन तिनं न दिसणारं पुस्तक उघडलं. “आय वाँट स्कूल. आय वाँट नर्स.”

तिला वाटलं असावं की इंग्रजीत बोललेलं इंग्रजीतच राहील. दाराशी बसलेल्या माणसाला ‘मॅरेज’ हा शब्द येत नव्हता हे खरं. पण मुंडावळ्या कुणाला शिकवाव्या लागत नाहीत. आणि न शिकवता समजतं हीच तर माझी सगळी पद्धत होती.

मला भीती वाटली. उत्तमराव आता उठतील, तिचा दंड धरतील आणि नेतील. मी काहीतरी करायला हवं होतं, आणि मला एवढंच सुचलं जे मी वर्षभर रोज करत होते. मुलानं वाक्य बोललं की ते सुधारायचं आणि वर्गाकडून वदवायचं. मी म्हणाले, “शी डझन्ट वाँट टू गेट मॅरीड. शी वाँट्स टू स्टडी.” आणि हात वर केला. चाळीस पोरं एका सुरात म्हणाली. मुख्य आळीतली, वस्तीतली, सगळी. पुन्हा हात केला, पुन्हा म्हणाली. कवेलू हादरले असतील.

साखळी पुढे सरकली आणि दाराशी पोचली. त्या दिवशी मी त्यांना काही विचारलं नाही. ते उठले, तांब्या काखेत मारला, बाहेर गेले, चपला घातल्या आणि मग म्हणाले, “बाई, भाईर या.”

मी उंबऱ्याबाहेर गेले. आता मराठी चालणार होती.

“थे इंग्रजीत बोलली म्हून मी आयकून घेतलं,” ते म्हणाले. “मराठीत बोलली असती त दोन थापडा देल्या असत्या अन् घरी नेलं असतं.”

“मराठीत ती बोललीच नसती.”

“थे बी खरं हाय.” त्यांनी तांब्या या काखेतून त्या काखेत घेतला. “मी रिसोडले शब्द देल्ला हाय, बाई. पाच जनांत देल्ला. आता थो वापस घ्याचा, त कोन्त्या भाषेत घिऊ?”

प्रशिक्षणात हे शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोणपाट रिकामं होतं आणि वेणूची जागाही. त्यानंतरच्या दिवशीही. तो सगळा आठवडा मी ‘आय वाँट’ सोडून भलतेच पाठ घेतले. सुलोचना शेजारच्या मोकळ्या जागेला वळसा घालून पुढच्याला विचारायची. हेडमास्तर म्हणाले, “चांगली मुलगी होती.” मी त्यांना म्हणाले, “होती काय, आहे.” माझा आवाज चढला होता. त्यांनी चष्मा पुसला.

बाजाराच्या आदल्या दिवशी तास सुरू होऊन गेल्यावर दारात चपला वाजल्या. उत्तमराव आत आले, गोणपाट झटकलं आणि बसले. त्यांच्यामागे वेणू, मान खाली. डोळे सुजलेले होते, पण रिबिनी बांधलेल्या होत्या. ती जागेवर बसली. त्यांनी तांब्या समोर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. आपला नंबर कधी येतो याची वाट पाहणारी पोरं अशी पाहतात.

मी चालू पाठ सोडून दिला. सरळ दाराजवळ गेले.

“उत्तमराव, व्हॉट डझ वेणू वाँट?”

त्यांनी घसा साफ केला. “स्कूल,” ते म्हणाले.

मी वर्गाकडे वळून हात वर केला. वर्गानं पूर्ण वाक्य म्हटलं. मला ते नीट ऐकू आलं नाही, कारण मी फळा पुसायला वळले होते आणि फळा कोराच होता.

नंतर कळलं ते असं. ते रिसोडला जाऊन आले होते. पोरगी मॅट्रिक होईपर्यंत थांबा, असं त्यांनी त्या घरी सांगितलं. ते थांबले नाहीत, त्यांनी मोसम संपायच्या आत दुसरी सून आणली. उत्तमरावांचा शब्द गेला, आणि शब्द गेलेल्या माणसाला पारावर बसणं अवघड जातं. ‘बाईनं उत्तमरावाले इंग्रजी शिकोली अन् थो मराठी इसरला,’ असं लोक म्हणू लागले. पुढची कमिटी झाली तेव्हा त्यांना कुणी घेतलं नाही. ते वर्गात यायचेही बंद झाले. पाहायचं ते पाहून झालं होतं.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती छाती फुगवून सांगितली असती. पण मॅट्रिकला वेणू इंग्रजीतच नापास झाली. परीक्षेत कुणी पाणी मागत नाही. भाषांतर होतं, सारांश होता, चारपानी निबंध होता, आणि जिच्यासाठी मी वर्गातून मराठी हद्दपार केली होती तिला मराठी उताऱ्याचं इंग्रजी करायला सांगितलं होतं. माझी निम्मी मुलं त्या वर्षी इंग्रजीत गेली. बोलायला शिकवणं वेगळं आणि परीक्षेला बसवणं वेगळं, हे मला माहीत होतं, पण इतकं वेगळं असेल असं वाटलं नव्हतं. त्यानंतर मी शेवटच्या वर्षाला ओळीला ओळ अर्थ सांगू लागले. पद्धतीवरचा माझा विश्वास उडाला नाही, पण परीक्षा पद्धतीला विचारून घेत नाही.

वेणूचा निकाल लागला तेव्हा मी सुट्टीत अकोल्याला होते. परत यायच्या आतच बदलीचा हुकूम आला, मेडशीला. उत्तमरावांना आता म्हणायला मोकळं होतं की झालं ना तुझं शिकणं. रिसोडचं गेलेलं घर दाखवून ते काहीही म्हणू शकले असते. ते काय म्हणाले हे मला दोन वर्षं कळलं नाही. मी विचारायला गेले नाही, कारण वाईट ऐकायची माझी तयारी नव्हती.

मग एका जूनमध्ये वाशिमच्या स्टँडवर अकोला गाडीत मी जागा धरून बसले होते. मेडशी त्याच रस्त्यावर आहे. पाऊस अजून आलेला नव्हता आणि पत्रा तापून निघत होता. पुढच्या दारानं एक लोखंडी ट्रंक चढली, तिच्यामागे उत्तमराव आणि त्यांच्यामागे वेणू. मोठी झालेली, साडीत. मला पाहून ती थांबली, आणि वाटेतले लोक बाजूला करत माझ्याजवळ येऊन बसली. उत्तमराव समोरच्या बाकावर बसले. मागच्या बाजूला त्यांच्याच गावची तीन-चार माणसं होती, त्यांनी मला ओळखलं आणि बोलणं थांबवलं.

“ऑक्टोबरले पास झाली,” उत्तमराव म्हणाले. मधलं काहीच सांगायची त्यांना गरज वाटली नाही. “दुसऱ्याबी वेळेस गेली होती, तिसऱ्याले निंगाली. आता नर्सिंगले नंबर लागला. अकोल्याले सोडाले चाल्लो.”

“बाबानं दर वेळेस फॉर्म सोता नेऊन देल्ला,” वेणू म्हणाली.

मी काहीतरी बोलले असेन. काय ते आठवत नाही. आनंद झाला होता, तो चेहऱ्यावर दिसला असावा, कारण उत्तमरावांच्या कपाळावरची आठी पहिल्यांदाच सैल झालेली मी पाहिली.

मालेगावला गाडी थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर उतरून गेला. गाडीत जीव कासावीस झाला. उत्तमरावांनी पिशवीतून तोच फिरकीचा तांब्या काढला. फिरकी उघडली, झाकणाचा पेला भरला आणि वेणूला दिला. ती प्याली. त्यांनी तो पुन्हा काठोकाठ भरला आणि माझ्यापुढे धरला. मागची माणसं पाहत होती.

“हिअर...” ते म्हणाले आणि अडकले. पुढचं आठवेना. वेणू सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी मान झटकली.

“घ्या बाई,” ते म्हणाले. “घरचं पानी हाय. घ्या.”

हे त्यांनी मराठीत म्हटलं, आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

मी पेला घेतला आणि तोंड लावून प्याले. परत दिला. त्यांनी तो विसळला नाही. त्यातच स्वतःसाठी पाणी ओतलं, प्याले, फिरकी घट्ट बसवली आणि तांब्या पिशवीत ठेवला. ड्रायव्हर आला. मेडशी येईपर्यंत आम्ही तुरीबद्दल बोलत होतो, यंदा पेरावी की नाही याबद्दल, आणि वऱ्हाडीतच बोलत होतो.